बिनकाट्याचा मासा

आमच्या घरात माशावर शेवटचा शब्द मामाजींचा. मामाजी म्हणजे माझे सासरे. कारध्याला वैनगंगेच्या काठाशी आमचं घर, पूल ओलांडला की भंडारा, तिथे नवऱ्याचं पितळी भांड्यांचं दुकान, आणि गावाबाहेर थोडी धानाची शेती. शेती मामाजींची, दुकान नवऱ्याचं, चूल आणि जीभ माझी. जीभ मला देवाने जरा जास्तच दिली आहे, हे सासरी आल्या आल्या सगळ्यांना कळलं. मामाजींना मात्र मी कधी उलटून बोलले नाही, कारण लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी त्यांना मासा खाताना पाहिलं.

रोहूचा रस्सा होता. रोहू म्हणजे काट्यांचं गाठोडं. पाठीच्या मांसात दुफाटे काटे असे दडलेले असतात की जपून खाणाराही एखाद्या घासाला फसतो. मामाजी भात कालवत होते, नदीला यंदा पाणी किती येईल यावर शेजाऱ्याशी वाद घालत होते, आणि घास तोंडात गेला की थोड्या वेळाने ओठांच्या कोपऱ्यातून काटा आपोआप बाहेर यायचा, धुऊन काढल्यासारखा. बोलणं एकदाही अडलं नाही. मी दाराआडून बघत राहिले आणि वाढायचं विसरले. माझ्या माहेरीही मासा खातात, पण जीव मुठीत धरून खातात. इथे काटा जणू मामाजींना विचारून बाहेर येत होता. एवढी साधी गोष्ट, पण मी थक्क झाले होते, आणि ते थक्क होणं माझ्या मनातून कधी गेलं नाही.

मग त्यांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं धुरकट झालं, आणि बघता बघता सगळंच गेलं. सुरुवातीला त्यांनी ते फार मोठ्या मनाने घेतलं. भिंतीला तळहात लावून पुढच्या सपरीतून, म्हणजे ओसरीतून, मोरीपर्यंत जायचे, मोरीतून मागच्या वाडीतल्या जांबाच्या, म्हणजे पेरूच्या झाडापर्यंत. कोण आलं ते चपलांच्या आवाजावरून ओळखायचे आणि स्वतःच हसायचे. आम्हाला वाटलं, निभावलं.

घात झाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी मटण-मासे शिजतात. शेजारच्या घरी मामाजींचे लहानपणचे दोस्त राहतात, मी त्यांना काकाजी म्हणते. त्यांच्याकडे पंगत होती. मामाजींना चांगली मधली जागा दिली होती. दुसऱ्या की तिसऱ्या घासाला काटा घशात गेला. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. कोणी कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले, कोणी पाठीत थापा मारल्या, बायका दारात गोळा झाल्या. शेवटी काटा उतरला. मग पंगतीतला एक जण म्हणाला, "आता बुढ्याले लायन्या पोरावानी चारत जा ना बाप्पा." वाईट मनाने म्हणाला नसेल. सगळे हसले, मामाजीही हसले. घरी येऊन त्यांनी पाय धुतले आणि मला म्हणाले, "बाई, आजपासून मासा बंद माह्यासाठी."

नुसता मासा बंद झाला असता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण त्या दिवसापासून ते कोणासमोर जेवेनात. ताट आतल्या खोलीत मागवायचे. वरण-भात एकत्र कालवलेला, त्यात काही निवडायचं नाही, काही शोधायचं नाही. दार अर्धं लोटून घ्यायचे. जेवण झालं की ताट स्वतः दाराशी सरकवून ठेवायचे. जेवणाच्या वेळेला काकाजी आले तर मामाजी आतूनच सांगायचे, "जेवण झालं माहं." झालेलं नसायचं. हळूहळू काकाजींनी त्या वेळेला येणं सोडलं, मग इतर वेळेलाही कमी केलं. सपरी संध्याकाळची ओस पडायला लागली. माणूस जिवंत असताना घरातून कमी होत चालला होता आणि मला ते सहन होत नव्हतं.

नवऱ्याशी मी भांडले. तो बिचारा काय करणार? त्याने एकदा म्हणून पाहिलं, "बाबा, मी काटे काढून देतो ना." मामाजींनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "मी तुहा बाप आहो, लेकरू नाई." विषय संपला. आणि मी तर सून. सासऱ्याच्या ताटात सुनेने बोटं घालायची नसतात, घातली असती तरी त्यांनी तो घास गिळला नसता. म्हणजे मासा आमच्या घरात शिजणार, त्याचा वास आतल्या खोलीपर्यंत जाणार आणि मामाजी वरण-भात खाणार. मी मासा करणंच बंद केलं.

नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही शेवटचं दाखवायला गेलो तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं की आता उजेड परत यायचा नाही. मामाजींनी मान हलवली, जणू त्यांना आधीच ठाऊक होतं. नवरा औषधं आणायला गेला. आम्ही दोघं बाकावर बसलो. काय बोलावं? मी मोबाईल काढला आणि उगाच बोटाने वर सरकवत बसले. त्यात एक बाई आली. कुठल्या तरी दूरच्या देशातली, मागे समुद्र. तिने तळहाताएवढी मक्याची पोळी घेतली, तिच्यात तळलेला मासा ठेवला, वर कच्ची पत्ताकोबी, कांदा, पांढरं दही घातलं, लिंबू पिळलं, पोळी अर्धी मिटली आणि एका हातात धरून खाल्ली. खाताना तिने डोळे मिटले होते.

मी ते परत परत पाहिलं. चवीने मिटले असतील तिने डोळे, ते मलाही कळतं. पण मला दिसलं ते एवढंच की डोळे मिटूनही ती नीट खात होती. ताट नाही, चाचपणं नाही, कालवणं नाही. मासा आहे आणि काट्याची भीती नाही. शेजारी मामाजी हात मांडीवर ठेवून बसले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्या पदार्थाचं नाव टाको, एवढं वाचून ठेवलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हे काय नवीन खूळ काढून राहिली तू?" मी म्हटलं, "तुह्याजवळ दुसरं काई असन तर सांग." आणि मी कामाला लागले.

भंडाऱ्याच्या मच्छी बाजारात मी आमच्या नेहमीच्या मासेवालीकडे गेले. म्हटलं, काटे काढलेला मासा पाहिजे, उभ्या लांब फाका करून. ती माझ्याकडे बघतच राहिली. "उभा कापू? मासा कोणी उभा कापते का, बाई? अन् काटे काढल्यावर त्यात रायते काय?" आमच्याकडे मासा आडवाच कापायचा, गोल तुकडा, मधोमध काटा. तो काटा चोखायचा हीच तर मजा. मी सांगितलं, मामाजींसाठी पाहिजे. तिचा चेहरा उतरला. "डोळे गेले म्हंतेत त्यायचे," ती म्हणाली. मामाजींनी तिच्याकडून आयुष्यभर मासे घेतले होते, कल्ले उघडून, पोट दाबून, हजार खोड्या काढून. तिने टोपल्यातले मासे बाजूला सारले, टबात हात घातला आणि जिवंत मरळ काढली. मरळीला काटे कमी. विळीवर बसून तिने ती उभी कापली, पुटपुटत, शिव्या देत, पण फार जपून कापली.

मोबाईलवाल्या बाईने वर पांढरं दही घातलं होतं. माशावर दही! आमच्याकडे मासा खाल्ला त्या दिवशी दुधाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, हात लावू देत नाहीत, अंगावर कोड फुटतं म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही, आणि मामाजींवर ते करून बघायची माझी हिंमत नव्हती. दह्याला फाटा दिला. नुसत्या मक्याच्या पिठाची पोळी घडी घातली की मधोमध तडकायची, म्हणून अर्धी कणीक घातली, उकळतं पाणी घालून भिजवली आणि लहान लहान पोळ्या केल्या. मासा तांदळाच्या पिठात घोळवून तळला. खरंच सांगते, तो तळणीचा वास फार दिवसांनी घरात फिरला.

मामाजींना मी स्वयंपाकघरात यायची विनंती केली. "काटा नाई याच्यात एकई. हातात धरून खायचं." ते दाराशी थांबले. मग आले आणि पाटावर बसले. नवरा बाजूला बसला. मी पोळी घेतली, मासा ठेवला, पत्ताकोबी, कांदा, सांबार, म्हणजे कोथिंबीर, लिंबू. दही सोडलं तर सगळं त्या बाईने केलं तसं. आणि मग माझा हात पातेल्याकडे गेला. मरळीचं डोकं आणि काट्यांचा भाग वाया जाऊ नये म्हणून मी रस्साही करून ठेवला होता. आमच्या घरात मासा कोरडा वाढला असं आजवर कधी झालं नव्हतं. कोरडा मासा वाढणं म्हणजे जेवणाऱ्याला ऊठ म्हणणं. डोकं काही म्हणायच्या आत हाताने आपलं काम केलं. मी त्या टाकोवर डावभर रस्सा ओतला, लाल तर्रीसकट.

मामाजींनी तो उचलला आणि पोळीचा तळ सुटला. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत वाहत गेला, पांढरी बंडी लाल झाली, मासा मांडीवरून खाली पडला. ते फरशीवर हाताने मासा शोधायला लागले. नवरा म्हणाला, "थांबा बाबा, मी उचलतो." मामाजींचा हात तिथल्या तिथे थांबला. ते उठले. "हात धुवाले पाणी दे, बाई," एवढंच म्हणाले. मी पाणी घातलं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतला, भिंत धरून आत गेले आणि दार पूर्ण लोटून घेतलं. तोवर ते नेहमी अर्धं असायचं.

मला माझा एवढा राग आला की मी ते रस्स्याचं पातेलं नवऱ्याच्या पुढ्यात आदळलं आणि म्हटलं, तूच खा. त्यानेही ते खाल्लं नाही. पुढचे काही दिवस घरात मी भांडी जरा जोरातच घासली. मामाजी मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागत होतं. बोलले असते तर मी निदान ऐकून घेतलं असतं.

मग एका दुपारी नवरा दुकानातून लवकर आला आणि पिशवीतून मोठी रोहू काढली. मरळ मिळाली नाही म्हणे. मी म्हटलं, "रोहू? मले मारून टाक त्यापेक्षा." पण मासा चांगला होता, आणि त्याने तो आपणहून आणला होता, यातच सगळं आलं. धान घरात येऊन पडलं होतं, वाडीत ऊन छान होतं. मी जांबाखाली विळी घेऊन बसले आणि रोहूच्या पाठीच्या मांसातून एकेक काटा ओढायला लागले. काटा निघेना. निघाला तर अर्धा तुटून आत राहायचा. बोटात घुसला तो वेगळाच. मी त्या माशाला, त्याच्या आईला, नदीला आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला असणार.

भिंतीला हात लावत मामाजी वाडीत आले. मग म्हणाले, "काय करून राहिली?"

"काटे काढून राहिली, मामाजी."

"कच्च्या माशाचे?"

"हाव."

"कच्च्या माशाचा काटा हट्टी रायते. पयले वाफव त्याले थोडसाक. मंग मांस काट्याले सोडते." ते निघून जातील असं मला वाटलं. पण ते भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "अन् वाफवला का मले दे. परातीत."

मी मासा वाफवला, परात त्यांच्या पुढ्यात ठेवली, शेजारी एक रिकामी थाळी. त्यांनी हात धुऊन घेतले, पुसले आणि माशावर दोन्ही हात नुसते ठेवले. दाबले नाहीत की चाचपले नाहीत. मला वाटतं ते मासा किती मोठा आहे, डोकं कुठल्या बाजूला होतं, एवढंच बघत होते. बघत होते, असंच म्हणते मी, दुसरा शब्द मला येत नाही.

मग अंगठा आणि पहिलं बोट कामाला लागलं. मांसाचा पदर अलगद उलगडायचा, अंगठा त्यावरून डोक्याकडून शेपटीकडे न्यायचा, कुठेतरी तो थबकायचा, आणि काटा बाहेर. दुफाटा, पूर्ण, टोकासकट. तो काटा त्यांनी टाकून दिला नाही. थाळीत ठेवला. दुसरा त्याच्या शेजारी, तिसरा त्याच्या शेजारी, सगळ्यांची तोंडं एका दिशेने. मला आधी कळेना हे काय चाललंय. माझं कांदा चिरणं थांबलं. हळूहळू थाळीत मासा दिसायला लागला. डोक्याकडचे काटे मोठे, शेपटीकडे लहान होत गेलेले, वरची ओळ पाठीची, खालची पोटाची. परातीत मांस मोकळं होत होतं आणि थाळीत काट्यांचा मासा उभा राहत होता, जसा पाण्यात असताना त्याच्या अंगात होता तसाच.

माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत. मी आयुष्यभर रोहू खाल्ली, कापली, शिजवली. तिच्या आत काय आहे ते मला कधी असं दिसलं नव्हतं. अंगावर काटा आला माझ्या. नवरा मागे येऊन उभा राहिला होता. ऊन मामाजींच्या हातांवर पडलं होतं, आणि ते हात सावकाश, जराही न अडखळता चालत होते.

शेवटी त्यांनी थाळीवरून बोट फिरवलं, काट्यांना न हलवता, ओळीने. मध्ये एके ठिकाणी बोट थांबलं. "इथचा एक नाई भेटला," ते म्हणाले. खरंच तिथे जागा रिकामी होती. त्यांनी परातीतलं मांस पुन्हा सगळं चाचपलं, मी चाचपलं, नवऱ्याने चाचपलं. मिळाला नाही. मी म्हटलं, "मामाजी, रावू द्या. मी हे मांजराले घालतो. उद्या मरळ आणतो." त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "एका काट्यासाठी एवढा मासा टाकते का कोणी? कर तू."

मी केलं. मोकळ्या मांसात आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, चिमूटभर जिरं आणि बांधायला तांदळाचं पीठ घालून लांबट चपट्या वड्या थापल्या. चूल वाडीतच होती. मामाजी तिथेच बसून राहिले. पहिली पोळी झाली तशी मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली, रिकामीच. म्हटलं, "असं अर्धं मिटायचं. वरतून उघडं ठेवायचं, खालतून बोटांचा आधार." त्यांनी ती मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "याच्यात रस्सा नाई टाकत वाटते," ते म्हणाले. चेहरा अगदी सरळ. मी लाजेने अर्धी झाले आणि नवरा तोंड फिरवून हसायला लागला. मग मामाजींच्या मिशा हलल्या. त्या पंगतीनंतर पहिल्यांदाच ते माझी थट्टा करत होते.

वड्या कढईत पडल्या तसा वास कुंपणापलीकडे गेला असणार, कारण रस्त्यावरून काकाजींचा आवाज आला. "काय शिजवून राहिले बाप्पा आज?" आम्ही तिघंही थांबलो. आता मामाजी नेहमीचं सांगणार, जेवण झालं माहं. मी कढईकडे बघत राहिले, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मामाजी भिंतीचा आधार घेऊन उठले आणि म्हणाले, "बाई, सपरीत वाढ. त्यालेबी बलाव."

सपरी म्हणजे घराचं तोंड. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे बसलेला माणूस दिसतो, त्याचं ताटही दिसतं. मी सतरंजी टाकली. मामाजी बसले, काकाजी बसले, नवरा बसला. काकाजी जरा बिचकले होते, कारण ती पंगत त्यांच्याच घरची होती. मी टाको भरून परातीत आणले आणि एकेक प्रत्येकाच्या हातात दिला. तळलेली वडी, कच्ची पत्ताकोबी, कांदा, सांबार, लिंबू, टमाट्याची तिखट चटणी. काकाजींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे कोणत्या गावचं?" मी म्हटलं, "लय दूरचं, काकाजी."

मामाजींनी पहिला घास घेतला. कुरकुरीत आवाज झाला. लिंबाचा एक थेंब हनुवटीवर आला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने पुसला. काही सांडलं नाही. मी हातात झारा घेऊन दारात उभी होते आणि माझा सगळा जीव त्यांच्या जबड्यात गोळा झाला होता. दुसरा घास. तिसरा. पहिला टाको संपला आणि त्यांनी हात पुढे केला. मी दुसरा दिला. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, त्याने वळून पाहिलं आणि पुढे गेला.

दुसऱ्या टाकोच्या मध्यावर मामाजींचं चावणं थांबलं.

नवरा अर्धा उठला. "पाणी आणू?" असं त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं. काकाजींचा हात तोंडाजवळच थांबला होता. मामाजींचा गाल आतून हलला. जीभ काहीतरी शोधत होती, वळवत होती, घाई नव्हती तिला. मग ओठांच्या कोपऱ्यातून काटा बाहेर आला. थाळीत ज्याची जागा रिकामी होती तोच असणार. मामाजींनी तो चिमटीत धरला, त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. तोंडातला घास चावून गिळला.

पण त्यांनी पुढचा घास घेतला नाही. टाको हातातच राहिला. मान थोडी वर करून ते ऐकत होते. आमच्याकडून कसलाच आवाज येत नव्हता, कारण आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत होतो.

"कायले चूप झाले सारे?" ते म्हणाले. मग हळू आवाजात, "काट्याले मी कधी भेलो नाई. तुमी सारे पायता अन् मले एकई दिसत नाई, त्याचं भेव वाटते मले. पाहून राहिले का तुमी माह्याकडं?"

इतके दिवस मी काट्याच्या मागे लागले होते. बाजार पालथा घातला, मासा उभा कापवला, पोळीचं पीठ बदललं. आणि घशात अडकलेलं होतं ते हे. मला रडू फुटणार होतं, पण रडले असते तर तेही त्यांना ऐकू गेलं असतं. लग्न होऊन आल्यापासून मी मामाजींच्या पुढ्यात कधी बसून जेवले नव्हते. सून मागून जेवते, स्वयंपाकघरात. मी झारा दाराशी ठेवला, सतरंजीवर त्यांच्या समोर मांडी घालून बसले, परातीतला एक टाको उचलला आणि मोठा घास घेतला. पत्ताकोबीचा, वडीचा, चांगला दाताखाली वाजेल असा. नवऱ्याला कोपर मारलं. त्यानेही घेतला. काकाजींचे दात थोडेच उरलेले, पण त्यांनीही जमेल तेवढा वाजवून खाल्ला.

"नाई, मामाजी," भरल्या तोंडानेच मी म्हटलं. "आमी खाऊन राहिलो."

ते थोडा वेळ ऐकत राहिले.

"मंग ठीक," म्हणाले, आणि त्यांनी घास घेतला.